पहिली नऊ पाने नसलेली प्रत

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही सहा प्रती एकदमच आलो, तेव्हा मी कोरी करकरीत होते. पुढे वीस वर्षे दप्तरांतून डब्यांच्या शेजारी फिरले. कित्येकांनी मला उशाशी घेऊन वाचले. मग कुणा महाभागाने माझी पहिली नऊ पाने फाडली आणि मी कपाटाच्या तळाशी जाऊन पडले.

यंदा ग्रंथपालबाईंनी मला रद्दीत काढले. तेवढ्यात दहावीच्या बाई आल्या. त्यांना वर्गाचे सहा गट करायचे होते. प्रत्येक गटाने एकेका पात्रावर चर्चा करून वर्गाला त्याची ओळख करून द्यायची होती, पण धड प्रती पाचच.

"आजचा तास होऊ दे, मग न्या हिला," बाई म्हणाल्या.

माझा नायक आपली गोष्ट स्वतःच सांगतो. माझ्या गटाच्या वाट्याला आली त्याची आत्या. मला उघडताच गटातल्या चौघांपैकी चष्मेवाली मुलगी वैतागली, "बाई, हिला सुरुवातच नाही! आत्या कशी आहे ते तिथेच असणार."

"मग आहे त्यातून शोधा."

माझा जीव टांगणीला लागला. ही चौघे फसली, तर माझीही रद्दी ठरलेली होती.

"ही सारखी ओरडते त्याच्यावर," एक जण म्हणाला.

"पण जेवते कधी बघ ना. तो घरी आल्यावरच."

"आणि तो शिकायला गेल्यावरही त्याची खोली रोज झाडते."

उंच मुलाने पान उलटता उलटता मान वर केली. "माझी मामी अश्शीच आहे," तो म्हणाला. "मी तिच्याशी धड बोलतसुद्धा नाही."

चष्मेवालीने वर्गाला आत्याची ओळख करून दिली, तसा एकच गलका झाला. "काहीतरीच काय! पहिल्याच पानावर लिहिलंय, आत्या कजाग होती!"

"ते तिचा भाचा म्हणतो," ती ठामपणे म्हणाली. "ती काय करते, ते आम्ही वाचलंय."

पाचही गट भराभर पाने उलटू लागले. मित्रांनो, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली!

दाराशी ग्रंथपालबाई मला न्यायला उभ्या होत्या. "राहू दे हिला," एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उंच मुलाने मला घरी नेले, मामीला वाचून दाखवायला.

मित्रांनो, पुस्तकांची पाने फाडू नका, ही माझी कळकळीची विनंती. पण एखादे फाटके पुस्तक हाती आले, तर टाकण्याआधी उघडून बघा. माझी दोनशे चार पाने अजून शाबूत आहेत आणि मी ती अजूनही ताठ मानेने उघडते.