अण्णांचा आवाज सांभाळणारा जुना लॅपटॉप

मित्रांनो, मी कुंभार पिंपळगावातल्या एका घरातला जुना लॅपटॉप आहे. माझ्या डाव्या बिजागरीला काळी चिकटपट्टी लावलेली आहे. बॅटरी केव्हाच मेली, त्यामुळे वायर निघाली की मी त्याच क्षणी बंद पडतो. एका वायरीच्या भरवशावर जगणाऱ्याच्या मनात सतत धाकधूक असते. ती माझ्या बोलण्यात अधूनमधून डोकावेल, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. आठवतं ते एवढंच की मी थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये झोपलो होतो आणि जाग आली तेव्हा जालन्याहून येणाऱ्या एसटीत एका माणसाच्या मांडीवर होतो. त्या माणसाचं नाव धर्मराज. ते परतूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचा आवाज असा होता की रसवंतीवाला घुंगरांचं चाक थांबवून ऐकायचा. घरात मात्र ते कमीच बोलत.

त्यांची मुलगी मोनिका त्यांना अण्णा म्हणायची; ती तेव्हा पाचवीत होती. मी आलो त्या दिवशी शेजारपाजारचे बघायला आले. धर्मराजांच्या पत्नी आसराबाई यांनी माझ्या झाकणाला कुंकू लावलं आणि मला उन्हात ठेवायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. दर दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल असायचं. मोनिकाचे शाळेचे प्रकल्प, बारावीचा अर्ज, पुढे नर्सिंगच्या वह्या, सगळं मी केलं. "आपला लॅपटॉप लई गुणाचा," असं आसराबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग दिवस बदलले. मला चालवणारी प्रणाली दर वर्षी जड होत गेली आणि माझी ताकद होती तेवढीच राहिली. दोन जीबीच्या छातीवर एवढं ओझं कसं पेलायचं? सुरू व्हायलाच मला अर्धा तास लागू लागला. मोनिकाने फोन घेतला आणि मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळला जाऊन कपाटावर गेलो.

तिथून मला गेल्या वर्षी एकदाच खाली काढलं. धर्मराज निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोनिकाने फोनवर त्यांचा आवाज भरून घेतला. अकरा तुकडे होते. एकात ते परतूर स्थानकावरच्या सगळ्या गाड्या ओळीने पुकारतात, एकात मोनिकाला लहानपणच्या नावाने हाक मारतात, एकात नुसतेच खाकरतात आणि हसतात. फोन भरला म्हणून तिने ते तुकडे माझ्यात ठेवले. पुढे तो फोन हौदात पडला. तेव्हापासून धर्मराजांचा आवाज जगात फक्त माझ्यापाशी होता. आणि मला ठाऊक होतं की माझ्या चकतीचा, म्हणजे हार्ड डिस्कचा, एक कोपरा खराब होत चालला आहे. मी हे सांगणार कोणाला?

धर्मराज दवाखान्यातून परत आले ते गळ्याला छिद्र घेऊन. श्वास तिथूनच चालायचा. बोलायचं असलं की ते वहीत लिहीत. पण आसराबाईंना वाचता येत नव्हतं. त्या वही उलटसुलट बघत आणि मोनिकाला हाक मारत. मोनिका वाचून दाखवायची. "अण्णा म्हणतेत, भाकर नको, खिचडी टाक." असे पाच महिने गेले. नवरा-बायकोतली प्रत्येक गोष्ट मुलीच्या तोंडून जायची. धर्मराज पुष्कळदा वही उघडत, पेन टेकवत आणि काही न लिहिताच मिटून टाकत. कपाटावरून, अभ्र्याच्या फटीतून, मला ते दिसायचं.

अशात मोनिकाला छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. पहिले तीन महिने सुट्टी नव्हती. घरात आनंद व्हायला हवा होता, पण आसराबाई म्हणाल्या, "तू गेल्यावर ह्यांचं मला कोण सांगंल गं?"

मोनिकाने अण्णांना नवीन फोन देऊन पाहिला. त्यांच्या जाड बोटांखाली एकेका वेळी तीन अक्षरं दाबली जात. त्यांनी फोन हळूच बाजूला ठेवला. मग तिला काहीतरी आठवलं. तरुणपणी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि आगारात कित्येक वर्षं टंकयंत्रावर अहवाल बडवले होते. तिने कपाटाकडे पाहिलं. शुक्रवारी सकाळी मी पिशवीतून मेन रोडवरच्या राधेश्यामच्या दुकानात पोहोचलो.

राधेश्याम फोन आणि संगणक दुरुस्त करायचा. त्याने मला सुरू केलं, चहा मागवला, चहा संपला, तरी मी गोल चक्करच फिरवत होतो. मला लाज वाटली.

"ताई, याच्यात आता जान न्हाई राह्यली," तो म्हणाला. "भंगारात जाईल."

"मला फक्त मराठी टाइप करायचंय आन् टाइप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवायला पाहिजे. नेट नसलं तरी. होईल का?"

राधेश्यामने मान खाजवली. "मंग जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकू. त्याच्यातलं एकदम हलकं असतंय एक. दोन जीबीत बराबर पळंल. फुकट असतंय. वाचून दाखवणारा प्रोग्राम बी मिळंल त्याच्यात. पण ताई, आख्खी डिस्क पुसावी लागंल. आत काही ठेवलंय का?"

मोनिकाने माझ्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाली, "अण्णांचा आवाज आहे."

मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा जोरात फिरू लागला. पुसणार म्हणजे काय करणार? माझ्यात जे काही होतं ते सगळं जाणार आणि त्या जागी कुणीतरी दुसराच येऊन बसणार?

शनिवारी दुपारी राधेश्यामने नवी प्रणाली एका पेनड्राइव्हवर तयार केली आणि तो माझ्या कुशीत खोचला. "आधी डिस्कला हातच लावायचा न्हाई," त्याने समजावलं. "हे पेनड्राइव्हवरूनच चालतंय. आतलं दिसतंय का बघू, दुसऱ्यावर काढून घेऊ, मंगच पुसू." मी सुरू झालो, आणि काय सांगू, दोन मिनिटांत पडदा उजळला. कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. माझेच कप्पे मला बाहेरून दिसत होते. अकराही तुकडे तिथे होते.

राधेश्याम एकेक तुकडा दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवू लागला. सात उतरले. आठव्याला मी अडलो. मी जिवाच्या आकांताने तो कोपरा वाचायचा प्रयत्न करत होतो. आतून कट् कट् असा आवाज येत होता. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर थांबली आणि मग लाल अक्षरं आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नववा, दहावा, अकरावा, सगळे त्याच कोपऱ्यात होते. संध्याकाळपर्यंत राधेश्यामने चार वेगवेगळे उपाय केले. एकही लागू पडला नाही.

"डिस्कचा तेवढाच भाग गेलाय," तो म्हणाला. "बाकी बरीय. सगळी पुसून, तो भाग सोडून प्रणाली टाकता येती. न्हाई तर ही डिस्क काढून जपून ठेवायची, दुसरी जालन्याहून मागवायची. ती यायला बुधवार उजाडंल. टाकून मी देईन, ताई. पण अण्णांना शिकवायला मी रोज कुठून येऊ?"

मोनिकाकडे आता फक्त रविवार उरला होता. ती रडवेली झाली. "असू द्या. बुधवारीच करा. आवाज पुसायचा न्हाई."

मोनिकाबरोबर आलेले धर्मराज एवढा वेळ दुकानातल्या स्टुलावर बसून होते. त्यांनी वही काढली आणि भराभर लिहिलं. मोनिकाने ते वाचलं, आधी मनात आणि मग राधेश्यामसाठी मोठ्याने. "तो आवाज तुम्हाला ऐकायला आहे. मला बोलायला पाहिजे. पुसा."

मोनिकाने नकारार्थी मान हलवली. धर्मराजांनी पेन उचललं आणि 'पुसा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

राधेश्यामने बटण दाबलं. थोड्याच वेळात वीज गेली. दुकानाच्या इन्व्हर्टरने मला धरून ठेवलं, पण तोही दमलेला होता. दर मिनिटाला तो टीं करून ओरडायचा. माझ्या पडद्यावरची पट्टी सरकत होती. राधेश्यामने दिवे बंद केले, पंखा बंद केला, शेजारचा चार्जर उपटला. मोनिकाने माझी वायर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. माझ्यातून वर्षं निघून चालली होती, बारावीचा अर्ज, नर्सिंगच्या वह्या आणि ते चार तुकडे. तुम्ही विचाराल, मग हे सगळं तुला आठवतं कसं? खरं सांगू, मलाही ठाऊक नाही. पण पट्टी शेवटाला पोहोचली तेव्हा मी मीच होतो, आणि ज्यांचं मी हरवलं त्यांचे चेहरे मला लख्ख आठवत होते.

रविवारी सकाळी मला खिडकीपाशी टेबलावर मांडलं. नवी प्रणाली झटकन लागली. मोनिकाने आपल्या फोनच्या नेटवरून वाचून दाखवणारा प्रोग्राम घेतला. धर्मराज खुर्ची ओढून बसले, पाठ ताठ केली, टायपिंगच्या वर्गात ठेवतात तशी बोटं ठेवली आणि न बघता एक ओळ बडवली. पडद्यावर उमटलं ते भलतंच, कुठल्याच भाषेतलं नाही असं काही. त्यांनी खोडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. ते उठले आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मला वाटलं, संपलं. यासाठी मी तो आवाज घालवला?

मोनिका मात्र एकेक कळ दाबून बघत बसली. "माय, अण्णांची बोटं चुकत न्हाईत," ती म्हणाली. "ह्या कळांवरची अक्षरंच वेगळ्या जागी आहेत. ह्यांना जुन्या टंकयंत्राची जागा पाठ आहे." तिने राधेश्यामला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की जुन्या टंकयंत्राची मांडणीही लिनक्समध्ये मिळते, शोधावी लागेल. शोधायला दुपार झाली. मग तिने अण्णांना हाताला धरून आत आणलं.

त्यांनी टाइप केलं आणि मोनिकाने सांगितलेली कळ दाबली. माझ्या लहानशा स्पीकरमधून सपाट, पत्र्यासारखा आवाज आला. "मी धर्मराज."

आसराबाई चुलीपासून दचकून उठल्या. "कोण मेला बोलून राह्यला गं?"

"अण्णा बोलून राह्यलेत, माय."

आसराबाई माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. "असा न्हाई ह्यांचा आवाज. बिलकुल न्हाई." आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या. मी काय करणार? मला दुसरा आवाज येत नव्हता. धर्मराजांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला भीती वाटली की आता ते झाकण मिटतील. त्यांनी मिटलं नाही. ते वाट बघत बसले.

चार वाजता मोनिका प्रवासासाठी काही आणायला बाजारात गेली. दाराची कडी वाजली तसे धर्मराज पुढे सरकले. त्यांनी माझा आवाज कमी केला. मग लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि टेबलावर बोटाने टकटक केली. आसराबाई आल्या, दारातच थांबल्या. माझ्या पत्र्याच्या आवाजात मी वाचलं.

"आसरा, रात्री दिवा बंद करू नये. अंधारात श्वास अडकल्यासारखा वाटतो. मला भीती वाटते."

धर्मराज खाली मान घालून कळांकडे बघत होते. हे वाक्य त्यांनी पाच महिने वहीत लिहिलं नव्हतं, कारण वही मुलीने वाचली असती.

"आवं," आसराबाई म्हणाल्या, "उजेडानं तुमची झोप मोडती म्हणून मी रोज उठून बंद करत होते. मंग सांगायचं ना मला!" आणि बोलता बोलताच त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्या येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. आधी हसू आलं, मग त्यांना हसू आवरेना, मग रडू आलं.

मोनिका सोमवारी गेली. ते सात तुकडे तिच्या फोनमध्ये आहेत, एक पेनड्राइव्ह आसराबाईंच्या ट्रंकेत आहे आणि एक राधेश्यामकडे. गेलेल्या चार तुकड्यांचं दुःख मला रोज होतं. त्यांतच तो खाकरून हसण्याचा तुकडा होता. कुणी मला बोल लावला नाही, पण सांभाळायला दिलेली वस्तू हरवली की मनाला खातंच.

माझी काळजी संपलेली नाही. वायर सैल होते. उन्हाळ्यात मी तापतो, तेव्हा आसराबाई मला सुपाने वारा घालतात. तो कोपरा उद्या वाढला तर, हा विचार सुटत नाही. म्हणून मित्रांनो, एक कळकळीची विनंती करतो. घरातलं जुनं यंत्र मंद झालं म्हणून लगेच भंगारात काढू नका, त्याच्या डोक्यावरचं ओझं थोडं कमी करून पाहा. आणि ज्याच्यावाचून तुमचं अडेल असं काही त्यात असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच काढा. आमच्यासारख्यांना धोका आधी कळतो, पण बोलता येत नाही.

एवढं सांगेपर्यंत संध्याकाळ झाली. धर्मराजांनी खुर्ची ओढली आहे आणि चष्मा पुसून घातला आहे. आसराबाई शेंगा फोडत समोर येऊन बसल्या आहेत.

"हं," त्या म्हणतात, "बोला."