बरफाची काटछाट

"आजपासनं बरफावर पैसं घालाचं बंद!"

तुळशीदासनं पहाटेच फर्मान काढलं, तशी पाटी भरणारी सगुणा थांबली. "डोकं ठिकान्यावर हाय ना तुमचं? बरफाबिगर म्हावरं इकू कशी?"

"अगं, त्याचं पानीच व्हतं. म्हंजे पैसं पान्यातच ना? याला चैन बोलतात."

माहुलच्या कोळीवाड्यात हे वारं रविवारी शिरलं होतं. समाजमंदिरात शरच्चंद्र नावाचा टायवाला माणूस घरखर्चाच्या नियोजनावर बोलून गेला. गरज कुठली, चैन कुठली, ते ओळखा म्हणाला. वर फुकटचा वडापाव. गुडघा धरल्यापासून वर्षभर घरी बसलेला तुळशीदास परतला तो घराचा अर्थमंत्री होऊनच. सगुणाचा बाजारातला चहा चैनीत गेला. त्याची विडी मात्र गरजेत राहिली. विडीबिगर हिशेबाला डोकं चालत नाही म्हणे.

सगुणानं पाटी त्याच्यापुढं सरकवली. "मंग आज बाजाराला तुमीच जा. आन सोमवारी आपल्या कल्पिताची नर्सिंगची फी भराची हाय, ध्यानात ठेवा."

बाजारात ऑक्टोबरचं ऊन. नाल्यातला गाळसुद्धा भाजून निघत होता. शेजारच्या ओट्यावरची चंपा म्हणाली, "दाजी, वाईच बरफ देऊ?"

"नको. आमच्यात चैन बंद हाय."

एका बाईनं पापलेटाचा कल्ला उचलून पाहिला. "काका, हे कालचं ना?"

"नाय वो ताई, आज सकालचं!"

"मग सकाळीच खायला हवं होतं," असं म्हणून ती चंपाकडं वळली.

दुपारपर्यंत मासे नरमले आणि गिऱ्हाईक म्हणून नुसत्या माश्या उरल्या. तुळशीदासनं अख्खी पाटी कचराकुंडीत ओतली आणि मान खाली घालून घर गाठलं.

सगुणानं रिकामी पाटी पाहिली, त्याचं तोंड पाहिलं. "फी त्या पाटीतच व्हती," एवढंच बोलली.

आतून कल्पिता आली. "जाऊ दे ना बाबा. पुढच्या वर्षी घेईन अॅडमिशन."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. पोरीचं ते शहाणपण काट्यासारखं सलत राहिलं.

सकाळी तो लंगडत नितेश नाखव्याच्या अंगणात गेला. तिथं फाटक्या जाळ्यांचा ढीग पडला होता.

"जाली शिवाला मानूस पायजे ना तुला?"

"पायजे तर. पन काका, तुमचा गुडघा?"

"जालं काय गुडघ्यानं शिवतात?"

त्या दिवसापासून तुळशीदास सुई घेऊन बसला तो बसलाच. बोटं फुटली, पाठ आखडली. रोजची मजुरी सगुणाच्या हातात पडायला लागली, तिच्या बर्फातल्या पाटीची कमाई त्यात मिळत गेली. रविवारी दुपारी फीला थोडंच कमी होतं.

तेवढ्यात त्याचा दोस्त दशरथ नवा शर्ट घालून कुंपणाशी आला. "तुल्शा, चल की! टायवाला परत आलाय. बचतीवर भाषन हाय, वडापाव बी हाय."

तुळशीदासनं दातानं दोरा तोडला.

"तू जा, बाबा," तो म्हणाला. "मना परवडत नाय."