ठाऊक असलेली गोष्ट

अनंतरावांचं दुखणं यकृतात पार पसरलंय, फार तर दिवाळी बघतील, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सौदामिनीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. मुखेडला घरी आल्यावर त्यांनी लेकीला, मृण्मयीला बजावलं, "बाबांना कळू द्यायचं न्हाई. खचतील ते."

त्याच संध्याकाळी अनंतराव अंगणात तिला म्हणाले, "डॉक्टरच्या तोंडावरूनच समजलं मला. तुझ्या आईपाशी मात्र बोलू नको."

दोघांनाही हो म्हणून मृण्मयी लातूरला परतली. तिथं एका क्लासमध्ये ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवायची. त्या आठवड्यात चिखलाचं कोडं आलं. दोन पोरं खेळून आली, दोघांच्याही कपाळाला चिखल. दुसऱ्याचं कपाळ दिसतं, स्वतःचं नाही. गुरुजी म्हणतात, एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे; स्वतःचं कोण सांगेल? दोघंही गप्प. गुरुजी पुन्हा विचारतात, तेव्हा मात्र दोघंही कपाळ पुसतात.

"माझं कपाळ स्वच्छ असतं, तर समोरचा पहिल्यांदाच बोलला असता," मृण्मयीनं उलगडून सांगितलं. "तो गप्प राहिला, म्हणजे मलाही चिखल लागलाय."

"पण मॅडम, एकाला तरी चिखल आहे हे दोघांनाही आधीच दिसत होतं," सृष्टी नावाची मुलगी म्हणाली. "मग गुरुजींनी नवीन काय सांगितलं?"

"दोघांना माहीत होतं. पण समोरच्यालाही ते माहीत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं." मृण्मयी फळ्याकडं वळली.

रविवारी ती एसटीनं मुखेडला गेली. जेवताना आई पुढच्या उन्हाळ्यात काशीला जायचं बोलत होती, बाबा मान डोलवत होते. मृण्मयीनं हातातला घास ताटात ठेवला.

"आई, बाबांना सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "आणि बाबा, आईलाही."

आई भरल्या ताटावरून उठून आत गेली. "तुला कोणी सांगितलं होतं मधी पडायला?" तिचा आवाज आला. मृण्मयी निघेपर्यंत ती तिच्याशी बोलली नाही. बाबांनी तेवढं फाटकापर्यंत येऊन डोक्यावर हात ठेवला.

पुढं बऱ्याच दिवसांनी आईचा फोन आला. ती आणि बाबा बिलोलीला जाऊन आले होते. लग्नानंतर त्यांनी पहिला संसार तिथं मांडला होता. "वाटेत लई रडले ते," आई म्हणाली. "मी बी रडले."

अनंतराव दिवाळीआधीच गेले. भेटायला येणारी माणसं पांगल्यावर सौदामिनीबाई लेकीजवळ येऊन बसल्या.

"मनातलं पुष्कळ बोलून घेतलं आम्ही," त्या म्हणाल्या. "तरी थोडं राहिलंच."