ओरडणाऱ्या घरातली सबीहा

मी एक जुना यंत्रमाग आहे, मित्रांनो. भिवंडीजवळ शेलारला, मजीदशेठच्या कारखान्यात दाराशीच उभा आहे. मला ओतलं, जोडलं, पट्टा चढवला आणि चालू केलं. माझं मत कुणी विचारलं नाही. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, एवढंच माझं काम. मी कधी उलट बोललो नाही, म्हणून पाहुण्यांसमोर माझं फार कौतुक व्हायचं.

शेठची दहा वर्षांची मुलगी सबीहा मात्र बोलायची. एका उत्तराच्या पोटातून तिचे चार प्रश्न निघत. माझ्या चौकटीवर तळवा टेकून ती माझी थरथर अनुभवायची. इतक्या वर्षांत कापड सगळ्यांनी चाचपून बघितलं, मला फक्त तिने.

आम्हा मागांच्या खडखडाटामुळे आमच्या कारखान्यात कुणी बोलत नाही, ओरडतात. ‘चहा घे’ हेसुद्धा भांडल्यासारखं म्हणावं लागतं. माझ्यापाशी राहून शेठचे कान निम्मे गेले होते. घरी ते प्रेमाने जेवायला बोलावत, तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेत. सबीहाला वाटे, अब्बा चिडले. त्यांना ऐकू जावं म्हणून ती आवाज चढवी. त्यांना वाटे, पोरगी तोंड वर करून बोलते.

एक दिवस शाळेतून तक्रार आली. शेठनी तिला माझ्यासमोरच उभं केलं.

“बाईंची चूक सगळ्यांसमोर काढलीस?”

“आधी हळूच सांगितली. त्यांनी ऐकलं नाही.”

“मोठ्यांना असं सांगतात?”

“मग मोठ्यांची चूक कुणाला सांगू, अब्बा? लहानांना?”

शेजारच्या मागावरचा तुळशीराम हसला. “शेठ, पोर वकील व्हनार हाय!”

तो हसला नसता, तर कदाचित निभावलं असतं.

“तू तुझा लूम बघ!” शेठ गरजले. “आणि तू, सामान भर. आता मामूकडे, कोन गावाला राहायचं. तिथंच शाळा.”

ती गेली. मी चालत राहिलो. मला दुसरं येतं काय? पण दाराशी कुणाची सावली पडली की वाटायचं, आता तळवा टेकेल.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. शेठ एकटेच मला तेल घालत होते. सबीहाची अम्मी, शाहीन, डबा घेऊन आली.

“भाईचा फोन होता. म्हणतो, पोरगी फार गुणी झाली. काही विचारतच नाही.”

शेठचा हात थांबला. “काहीच नाही?”

“काहीच नाही.”

त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

पुढच्या शुक्रवारी ते तिला घेऊन आले. ती खाली बघत उभी राहिली. शेठ तिच्यासमोर स्टुलावर बसले. तिने वर बघून विचारलं, “अब्बा, आज ओरडत का नाही?”

“मी ओरडतो?” त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तिने होकारार्थी मान हलवली.

“घरी चल,” ते म्हणाले.

“का?”

‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

“तू गेल्यापासून घरात काही ऐकूच येत नाही.”

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या. हुशार पोराशी बोलायचं असेल, तर आधी मशीन बंद करा. आणि ‘का’ विचारलं, तर खरं कारण सांगा. तेवढ्याने मोठेपण झिजत नाही.

सबीहा आता शेलारलाच असते. शुक्रवारी बापलेक माझ्यापाशी बसून हळू आवाजात वाद घालतात. मी चालण्यासाठी घडलो, पण आठवडाभर बंद होण्याची वाट बघतो.