तीस दिवसांची माहेरवाशीण

वाळलेल्या चहाच्या डागाची कडा मधल्या भागापेक्षा गडद असते. डाग कडेने आधी सुकतो, मग आतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि जाताना चहाचे बारीक कण सोबत नेतं. टीपॉयवरचं वर्तुळ पूर्ण वाळलं होतं. म्हणजे मीराताईंचा कप सकाळपासून तिथेच होता.

कामावरून आलेल्या अनुपमाने कप उचलला, ओलं फडकं आणलं आणि टीपॉय पुसला. सोफ्यावर पाय वर घेऊन मीराताई मोबाइल बघत होत्या. फडक्याला जागा व्हावी म्हणून त्यांनी गुडघे तेवढे आत घेतले.

"राहू दे ना गं. बाई करेल."

"बाई सकाळी येऊन गेली."

"मग उद्या करेल. तू आल्या आल्या कशाला लागतेस?"

अनुपमाने कप आत नेऊन विसळला. मीराताई म्हणजे तिच्या नवऱ्याची, सहदेवची, थोरली बहीण. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेल्या, तिकडच्या नागरिक झाल्या. दर वर्षी एकदा जोगेश्वरीच्या या घरी येत आणि महिनाभर राहत. त्या महिन्यात त्यांनी काडी उचलायची नाही, हा सासूबाईंचा, म्हणजे सोनूबाईंचा नियम होता. माहेरवाशिणीला काम सांगितलं तर घराची लक्ष्मी रुसते, असं त्या म्हणत. मालवणकडच्या त्यांच्या घरात ही रीत होती आणि इथे चाळीची सातमजली इमारत झाली तरी ती सुटली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने सोनूबाईंची उजवी बाजू गेली. दिवसा शीतल नावाची मुलगी त्यांच्यापाशी असे. संध्याकाळी ती गेली की सगळं अनुपमाचं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि कंबर तपासायची, डायपर बदलायचं. रात्रीसाठी ठेवलेल्या दोन बाया पळून गेल्या होत्या. परकीचा हात रात्री अंगाला लागला की सोनूबाई इमारत जागी करत. मुलाच्या हातून तर त्या पाणीही पीत नसत. "बापयाचा काम न्हय ता," हे पुरुषाचं काम नव्हे, एवढं म्हणून तोंड फिरवत. सहदेवलाही ते सोयीचं होतं.

अनुपमा अंधेरीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जंतूंच्या चाचण्या बघायची. कंपनीच्या गोव्यातल्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जाशील का, असं तिला तिसऱ्यांदा विचारलं होतं. पहिल्या दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं होतं. या खेपेला साहेबांनी सांगितलं, सोमवारपर्यंत कळवा, पुन्हा विचारणार नाही.

सहदेवचं यावरचं म्हणणं ठरलेलं होतं. "मार्चअखेर मी रिटायर होतो. मग आईला घेऊन मीच येतो गोव्याला. मधले सहा महिने कोणी राहिलं असतं, तर मी स्वतः म्हटलं असतं, जा. पण ताईला व्हिसाच तीस दिवसांचा. सरकारपुढे कोण काय करणार?"

पाणी शंभर अंशांना उकळतं, तसे ते तीस दिवस होते. त्यांच्याविषयी कोणी वाद घालत नसे. आजन्म राहू देणारं ओसीआय कार्ड मीराताईंनी काढलंच नव्हतं. त्यासाठी लागणारा, जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा कागद सापडत नाही, असं त्या म्हणत. दर वर्षी तोच कागद सापडत नसे.

बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव उभे होते.

"वहिनी, एक काम होतं. तुमच्याकडे फॉरेनर उतरलीय ना?"

"फॉरेनर कोण?" सोफ्यावरून मीराताई म्हणाल्या.

"तुम्ही, ताई. पासपोर्ट तिकडचा ना? पोलीस स्टेशनवरून सगळ्या सोसायट्यांना सांगितलंय. घरात परदेशी नागरिक राहिला की घरवाल्याने ऑनलाइन सी फॉर्म भरायचा. चोवीस तासांत. तुम्हाला येऊन चार दिवस झाले."

"भाऊराव, तुम्ही नाक पुसायला शिकला नव्हतात, तेव्हा मी इथल्या नळावर हंडे भरत होते! मी परदेशी?"

"नळाचं नाय हो विचारत सरकार," भाऊराव म्हणाले. "पासपोर्टचं विचारतंय. माझ्या भाच्याला तुमच्या अमेरिकेत नुसतं फिरायला यायचं होतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळेना. तिकडे कोणी नळावरचे हंडे धरले नाय."

सहदेव आतून बनियनवर आला. "भरतो, भरतो. अनुपमा, तू भर गं. तुला जमतं हे." भाऊरावांना वाटेला लावून त्याने टीव्ही लावला.

अनुपमाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. मीराताई समोर येऊन बसल्या, पण मोबाइल त्यांनी छातीशी धरला होता.

"तू विचार, मी सांगते."

"पासपोर्ट नंबर?" त्यांनी सांगितला.

"व्हिसाचा नंबर? कधी दिला ती तारीख?"

"हेही लागतं? टाक ना काहीतरी. मागच्या महिन्यातली टाक."

"काहीतरी कसं टाकू? विमानतळावर शिक्का मारलाय त्यांनी. व्हिसा मिळाल्याचं ते पत्र द्या. ई-व्हिसाचं असतं ना, प्रवासाच्या परवानगीचं."

"मोबाइलमध्ये कुठेतरी आहे."

"शोधा. मी थांबते."

मीराताईंनी बराच वेळ पडद्यावर बोट फिरवलं. मग मोबाइल टेबलावर सरकवला, थोडा जोरातच. अनुपमाने पत्र उघडलं. पर्यटक ई-व्हिसा, पाच वर्षांचा. कितीही वेळा या. दिल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. आणि खाली, एका खेपेला सलग राहण्याची मर्यादा, एकशे ऐंशी दिवस.

एखाद्या यंत्राने अनपेक्षित आकडा दाखवला की ती नमुना पुन्हा लावून बघायची. तसं तिने ते पुन्हा वाचलं. आकडा बदलला नाही.

"मीराताई, तुम्हाला सहा महिने राहता येतं."

"येतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"माझा व्हिसा, मला माहीत नसणार?"

"मग तीस दिवस?"

"पहिल्यांदा तीस दिवसांचाच काढला होता. तेव्हा सांगितलं ते खरं होतं. नंतर कोणी विचारलंच नाही."

"मी विचारलं होतं. गेल्या गणपतीत, या ओट्यापाशी उभी राहून. वाढवून मिळत नाही का म्हणून."

"आणि मी म्हटलं, वाढवून मिळत नाही. नाहीच मिळत. जा, नियम वाच."

सहदेवने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

"बंद कर तो," अनुपमा म्हणाली. त्याने आवाज कमी केला, पण टीव्ही बंद केला नाही.

"एवढं काय झालं गं तुला?" मीराताईंनी मोबाइल परत ओढून घेतला. "चोरी पकडल्यासारखी बघतेस."

"तीन वर्षांत दोनदा मी गोव्याला नाही म्हटलं. दोन्ही वेळा तुमचे तीस दिवस मधे आले. तुम्ही नोकरी सोडलीय, मुलं मोठी झालीत. सहा महिने तुम्हाला कठीण नव्हते."

"म्हणजे मी इथे येऊन आईचं हगणं-मुतणं काढायचं, आणि तू गोव्याला जाऊन मॅडम व्हायचं. झकास प्लॅन आहे!"

"तुमची आई आहे ती."

"आणि तुझी सासू. सून आणतात कशाला?" मीराताई पुढे झुकल्या. "स्पष्टच ऐक. तीस दिवस आले की मी माहेरवाशीण. तेवढ्यात आई माझे लाड करते, तू चहा देतेस, शेजारीपाजारी विचारतात, किती दिवस आहेस गं. एकतिसाव्या दिवशी कोणी विचारणार नाही. एकतिसाव्या दिवसापासून मी या घरातली फुकटची बाई. माझ्या सासूचं मी चार वर्षं केलंय, तिकडे, एकटीने. बाहेर बर्फ, आत ती. शीतल नाही की फितल नाही. तेव्हा इथून कोण आलं होतं मदतीला? आता मला माझं माहेर हवंय. तेवढं एकच राहिलंय. ते मी कामाला लागून घालवणार नाही."

त्यात खोटं काही नव्हतं, हे अनुपमाला कळत होतं. पण त्यामुळे राग तसूभरही कमी झाला नाही.

"मग तसं सांगायचं होतं. मला करायचं नाही, एवढं. सरकारच्या मागे कशाला लपलात?"

"ताई, पुरे ना," सहदेव म्हणाला. "अनुपमा, तूही. आवाज बाहेर जातोय."

"तू गप्प रे!" मीराताई गर्रकन वळल्या. "तू तर बोलूच नकोस. मी एकटी काय लपले? गेल्या वर्षी निघायच्या आधी हेच पत्र मी कोणाला पाठवलं होतं? 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चित्र कोणी पाठवलं होतं?"

"मी उघडून नव्हतं बघितलं."

"उघडून नव्हतं बघितलं! मग फोन करून कोण म्हणालं, अनुपमाला कळू देऊ नकोस, ती लगेच बॅग भरेल?"

सहदेवने रिमोट उचलला, परत ठेवला. अनुपमा त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं रात्री तिने पाठ टेकली की तो म्हणायचा, माझ्या हातात असतं तर. दर वेळी त्याच सुरात. तिला वाटायचं, हा दमलेल्या माणसाचा सूर आहे.

"खरंय हे?"

"अगं, प्रॅक्टिकल विचार कर ना. तू गेली असतीस तर घराची वाट लागली असती. ताई म्हणते सहा महिने, पण दुसऱ्या आठवड्यात पळाली असती. मग? मी कोणाकोणाला सांभाळू?"

"तू आत्तापर्यंत कोणाला सांभाळलंस?"

"हे बघ, लगेच टोमणे."

"टोमणा नाही. विचारतेय. सांग एक नाव."

त्याने पुन्हा रिमोट उचलला. मीराताई हसल्या. त्या हसण्यात भावाची बाजू नव्हती, आणि भावजयीची तर नव्हतीच.

"फॉर्ममध्ये राहण्याचे दिवस विचारले असतील ना?" त्या म्हणाल्या. "तीस लिही. परतीचं तिकीट आहे माझं."

आतल्या खोलीतून सोनूबाईंची हाक आली. अर्ध्या तोंडाने बोलल्यामुळे शब्द घसरत येत, पण घरातल्या सगळ्यांना ते कळत. "कसलो झगडो चल्लो हा?"

अनुपमा उठली. कूस बदलायची वेळ झालीच होती. तिच्या मागोमाग दोघं भावंडं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

सोनूबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्या हातात अजून बरीच ताकद होती. "माका सगळा ऐकाक येता. माजा चेडू, मीरा, चार दिवस माहेराक इलां हा. तेका कामाक लावशीत तर देव बघतलो तुका."

"आणि माझं, आई?"

"तुजा काय? तू घरातला."

दारातून मीराताई म्हणाल्या, "बघ. आईला कळतं ते तुला कळत नाही."

अनुपमाने मनगट सोडवून घेतलं. एक हात सोनूबाईंच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिने त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी लावली, दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर ठेवली. टाच बोटाने दाबून पाहिली. कातडी लाल होती, पण दाबल्यावर लाली गेली आणि दाब काढल्यावर परत आली. जखम होणार नव्हती. सहा वर्षांत एकदाही झाली नव्हती.

"पाठ खाजता," सोनूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "चुलीर दूध आसा मां? मीराक दे."

तिने पाठ खाजवून दिली. दारातली दोघं तिचं काम उरकायची वाट बघत होती. ते उरकलं की ती स्वयंपाकघरात जाईल, दूध गरम करेल आणि विषय संपेल, हे दोघांनाही इतकं ठाऊक होतं की सहदेव टीव्हीकडे वळलाही होता. दूध देण्याचं तिच्याही मनात आलं. तिने पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं, सरळ उभी राहिली आणि दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट, पण मुळीच न चढवलेल्या आवाजात म्हणाली,

"आई, एक तारखेपासून मी गोव्याला कामावर जातेय. मार्चपर्यंत तुम्हाला कुशीवर मीराताई वळवतील, नाहीतर सहदेव वळवेल. मी इथे नसेन."