उजव्या पायाची उडी

दातांच्या डॉक्टरकडे आत जायला अजून तिघंजण होते. सून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती आणि सासू भिंती न्याहाळत. एकाएकी सासूनं सुनेच्या मांडीवर चापट मारली.

"अगं, ही मी आहे!"

समोरच्या भिंतीवर जुन्या क्रीडास्पर्धेचं पोस्टर होतं, पण कागदाचं नव्हे, चकचकीत पत्र्यावर छापलेलं. उंच उडी घेणारी एक सडपातळ मुलगी, नुकतीच जमिनीपासून सुटलेली. एक पाय आकाशाकडे झेपावलेला, छातीवर सतरा नंबर, मागे केशरी आभाळ. सून उठून जवळ गेली. नाक तेच, हनुवटी तीच, ओठ घट्ट मिटायची खोडसुद्धा तीच.

"अहो आई, खरंच की! कधी बोलला नाहीत ते!"

सासूचा ऊर भरून आला होता. स्पर्धेच्या आधी एक चित्रकार चार सकाळी मैदानावर येऊन बसायचा, तिला पुन्हा पुन्हा उडी मारायला लावायचा, हे तिला लख्ख आठवलं. पोस्टर गावभर लागलं होतं. पण बघता बघता तिच्या कपाळावर आठी चढली.

"नाही. ही मी नाही."

"आता काय झालं?"

"ही डाव्या पायावर उडतेय."

सुनेला त्यात काही वावगं दिसेना. सासूला मात्र सगळं दिसत होतं. मैदानावरच्या झाडून सगळ्या मुली डावीकडून धावत येऊन डाव्या पायावर उडायच्या. हिचा उजवा पाय ताकदीचा, म्हणून ही उजवीकडून यायची. प्रशिक्षकांनी दोन वर्षं डोकं आपटलं, "पाय बदल, तुझं काही खरं नाही," पण हिनं ऐकलं नाही. म्हणून सगळे तिला ‘उफराटी’ म्हणायचे. उजवीकडे मैदान सपाट करायचा लोखंडी रूळ उभा असायचा. तो हलवायला कुणी येत नसे. रोज सकाळी ही एकटी खांदा लावून तो ढकलायची आणि मग सरावाला लागायची. पुढे त्याच बाजूनं धावत येऊन तिनं जो विक्रम केला, तो अकरा वर्षं कुणाच्या बापाला मोडता आला नाही.

आणि आता भिंतीवर तिला डावा पाय चिकटवला होता!

दात राहिले बाजूला. स्वागताला बसलेल्या बाईकडून ते पोस्टर पत्र्यावर छापणारीचा पत्ता घेतला आणि सुनेच्या स्कूटरवरून दोघी थेट तिथे धडकल्या.

छापणारी पस्तिशीची होती, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीशी ॲल्युमिनियमचे पांढरे पत्रे उभे, मधोमध मोठं गरम प्रेस, आणि सपाट खणांच्या कपाटात जुनी पोस्टरं. बंद पडलेल्या एका छापखान्यातून तिनं ती उचलून आणली होती. शर्यती, कुस्त्या, नौका, सायकली. एकेक कागद तिनं जिवापाड जपला होता.

सासूची तक्रार ऐकून ती जरा ओशाळली.

"आजी, ते मी मुद्दाम फिरवलंय. तीन चित्रांचा संच आहे ना. धावणारी आणि अडथळ्यांवरची, दोघी उजवीकडे तोंड करून. तुम्ही एकट्याच डावीकडे. भिंतीवर सगळ्या एका दिशेनं गेलेल्या बऱ्या दिसतात. नंबर तेवढा सुलटा करून घेतला."

"मी कधी गेले गं सगळ्यांच्या दिशेनं?"

"पण आजी, पाय कुठला हे कुणाला कळणार आहे?"

"मला आजी म्हण, हरकत नाही. डाव्या पायाची म्हणू नकोस." सासूनं पर्स सुनेच्या हातात दिली. "ते टेबल सरकव जरा."

"आई, गुडघा!" सून ओरडली.

गुडघ्याला विचारलं कुणी! सासू खोलीच्या टोकाला गेली, वळली आणि आली. एक, दोन, आणि तिसऱ्या पावलाला उजवी टाच अशी रोवली की फरशी वाजली. डावा गुडघा वर, हात वर, हनुवटी वर. उडी मारली नाही, तेवढं भान होतं. पण ती जिथे थांबली तिथून पुढे उडीच होती, हे दोघींनाही दिसलं. सुनेनं आजवर या बाईला भाजी निवडताना पाहिलं होतं, औषधाच्या गोळ्या मोजताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

छापणारी कपाटाकडे गेली. तिसऱ्या खणातून मूळ पोस्टर काढून तिनं टेबलावर अंथरलं. कागद पिवळा पडला होता, एक कोपरा उंदरानं खाल्ला होता. पण पाय उजवाच होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बसा. आत्ता छापते."

तिनं कॉम्प्युटरवर चित्र पूर्ववत केलं, खास कागदावर त्याची छपाई काढली. सासू वाकून बघते तर काय!

"पुन्हा उलटंच!"

छापणारी खदखदून हसली. "आजी, कागदावर उलटं छापलं तरच पत्र्यावर सुलटं उतरतं."

कागद पत्र्यावर पालथा ठेवून तिनं प्रेस खाली ओढलं. घड्याळ लावलं. खोलीत तापलेल्या रंगाचा वास पसरला. वेळ भरताच तिनं प्रेस उघडलं आणि दोन बोटांनी कागद हलकेच सोलून काढला. खालून केशरी आभाळ वर आलं, मग उडीची आडवी दांडी, मग सतरा नंबर, आणि शेवटी जमीन सोडणारा उजवा पाय.

पत्रा निवल्यावर तिनं तो बाकीच्या दोघींशेजारी उभा करून पाहिला. दोघी धावत येताहेत आणि ही समोरून त्यांच्यावर चाल करून जाते आहे.

"संच बिघडला," सासू म्हणाली.

"बिघडू दे. आता यापुढे असाच जाईल. दवाखान्यातला मी उद्याच बदलून येते. हा मात्र तुमचा." मग तिनं पेन उचललं. "खाली नाव घालायचंय. काय घालू?"

सासूनं नाव सांगितलं, त्यापुढे आडनाव सांगितलं. सून चमकली. ते या घरातलं आडनाव नव्हतं.

"माहेरचं?"

"उडी त्या आडनावाची आहे," सासू म्हणाली. "इकडे आल्यावर मी एकदाही उडले नाही."

सून छापणारीला म्हणाली, "ठळक अक्षरात घाला."

परतताना सासू स्कूटरवर मागे बसली, पत्रा दोघींच्या मध्ये उभा धरून. गुडघा ठणकत होता, पण तिनं चकार शब्द काढला नाही. गुंडाळायचा कागद तर तिनं कारखान्यातच नाकारला होता. सिग्नलला गाडी थांबली, तसा शेजारचा मोटरसायकलवाला चित्राकडे टक लावून बघू लागला.

"मावशी, झकास आहे. कोण हो ही?"

सून मागे वळून काही सांगणार, तोच सासूनं पत्रा त्याच्याकडे नीट वळवून धरला.

"मी," ती म्हणाली. "पाय बघ, पाय. उजवा."