स्टॅनिफोर्थच्या हातची पाती

“क्लेम, मधोमध उजेड दिसतोय,” मी म्हणालो.

क्लेम स्टॅनिफोर्थने कागद कापायच्या यंत्राचं पाच फुटी पातं खिडकीशी ठेवून त्यावर पोलादी पट्टी उभी धरली होती. पातं सरळ असलं की पट्टीखालून उजेड येत नाही. इथे तर बोटभर लांब फट लख्ख दिसत होती.

“कुठं?” तो म्हणाला. मग दाराकडे बघत आवाज खाली आणून, “रेज, लेका, मला खिडकीच धड दिसत नाही.”

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. भट्टीतून वाकून आलेली पाती हातोडीने ठोकून सरळ करणारे शेफील्डच्या आमच्या कारखान्यात आम्ही दोघंच. पण स्कॉटलंडच्या एका कागद गिरणीच्या मागणीपत्रावर एकवीस वर्षं एकच ओळ यायची: ‘पाती स्टॅनिफोर्थच्याच हातची हवीत.’ ती ओळ माझ्या डोळ्यांत सलायची. माझी बायको एड्ना म्हणायची, “तुझ्या ताटातसुद्धा क्लेमच बसलेला असतो.”

“पासष्ट पुरी व्हायला चौदा महिने राहिलेत,” क्लेम म्हणाला. “आत्ताच घरी बसवलं तर पेन्शन अर्ध्यावर येईल. माझी पाती तू ठोक. पात्यावर नावाचा शिक्का तेवढा माझा राहू दे.”

“तुझ्या त्या लाडक्या गिरणीचीही?”

“तिचीही.”

मी हो म्हणालो. दयेपोटी नव्हे. माझ्या पात्यांना गिरणी काय म्हणते, ते मला एकदा बघायचं होतं.

मग मी दोघांचं काम उपसायचो आणि तो आपल्या ऐरणीवर भंगारातली पट्टी बडवत बसायचा, आवाज यायला हवा म्हणून. त्या चौदा महिन्यांत गिरणीची दोन पत्रं आली, दोन्ही कौतुकाची. कारखान्याचे मालक ऑक्स्ली साहेब, त्यांनी ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचली. क्लेम चहाच्या मगात तोंड खुपसून बसला. कौतुक माझं, नाव त्याचं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आत नुसता जळत होतो.

तो निवृत्त झाला. माझ्या शिक्क्याची पहिली पेटी स्कॉटलंडला गेली. हात तोच, हातोडी तीच. महिन्याभरात साहेबांनी बोलावलं.

“मनाला लावून घेऊ नकोस, रेज. गिरणी म्हणते, पाती मापात आहेत, पण स्टॅनिफोर्थच्या हाताची सर नाही. अरे, स्टॅनिफोर्थ तो स्टॅनिफोर्थच!”

सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण बोललो असतो तर क्लेमची पेन्शन चौकशीत अडकली असती. मी फक्त ते पत्र मागून घेतलं.

रविवारी ते क्लेमच्या तोंडावर फेकायचं म्हणूनच त्याच्या घरी गेलो. क्लेम मागच्या अंगणात खुर्चीवर बसला होता. त्याच्या बायकोने, आयव्हीने, चहाचा मग त्याच्या हातात नीट धरवला. म्हणजे आता त्याला काहीच दिसत नव्हतं.

“गिरणीचं काही आलं का रे?” त्याने विचारलं.

मी पत्र वाचलं. तो आधी खो खो हसला. “गाढवं लेकाची! तुझीच पाती आणि तुलाच नावं ठेवतात!” मग मान खाली घालून म्हणाला, “पण त्याच्या आधीची एकवीस वर्षं तर माझीच होती ना, रेज?”

“तुझीच.”

“मग परत वाच.”

त्याचा चेहरा असा काही उजळला होता की तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला. मी परत वाचलं, सावकाश. ‘सर नाही’ हे शब्द आले तिथे आवाज जरा चढवला. खरं तर त्याचे कान चांगले होते.